क्वचित लागणारं, पण तातडीनं लागणारं : जुन्या फाईली परत मागवण्याची व्यवस्था



आपल्या समाजाची घरं आता एका गावात राहिली नाहीत. अलिबाग-पेणकडून मुंबई-ठाणे, तिथून अश्दोद, लोद, दिमोना, आणि काही आमच्यासारखी थेट अमेरिकेत. घरं वाटली गेली तसे घरातले कागदही वाटले गेले. कुणाकडे आजीची केतुबा, कुणाकडे जन्माचे दाखले, कुणाकडे लग्नाचे फोटो, कुणाकडे वडिलांच्या आवाजातल्या कॅसेटी. मुला-नातवंडांनी त्यातलं बरंचसं स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये टाकलं आणि आपल्याला सांगितलं, "आता काळजी करू नका, सगळं सेव्ह आहे."

सेव्ह आहे हे खरं. पण सेव्ह असणं आणि लागेल तेव्हा हाती येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हाइम सॅम्युएल किहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. किहिमकर १९०९ सालीच वारले होते. हस्तलिखित सुरक्षित होतं, पण वाचकाच्या हाती यायला ४० वर्षं लागली. आपल्या घरच्या कागदांना ४० वर्षं लागणार नाहीत, पण नको त्या दिवशी १२ तास किंवा ४८ तास लागू शकतात, आणि तेवढ्यानंही काम अडतं. ते अडू नये म्हणून काय व्यवस्था करायची, हे या लेखात सांगते.

मी निवृत्त नर्स आहे. साडेतीन वर्षांचा नर्सिंग डिप्लोमा, आणि मग वॉर्डातली नोकरी, एवढंच माझं शिक्षण. कॉम्प्युटर मी कुठे शिकले नाही. आता लेक-जावयाकडे चँडलरला राहते. ॲरिझोना राज्यातलं हे गाव इंटेल कंपनीच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यांमुळे ओळखलं जातं, त्यामुळे इथे घरोघरी कॉम्प्युटरवाले. आमच्या घरीही एक छोटा फाईल सर्व्हर आहे. जावयाने तो समजावून सांगितला तेव्हा मला जाणवलं की यातलं निम्मं तर हॉस्पिटलात आपण रोज करत होतो. म्हणून त्याच भाषेत सांगते.

वॉर्डातलं कपाट आणि मेन स्टोअर

फाईल सर्व्हर म्हणजे सगळ्या घराच्या फाईली एका जागी ठेवणारा कॉम्प्युटर. आमचा सर्व्हर बुटांच्या खोक्याएवढा आहे. आत दोन डिस्क आहेत. लेक तिच्या लॅपटॉपवरून, मी माझ्या टॅब्लेटवरून आणि नातेवाईक अश्दोदहून किंवा ठाण्याहून, सगळे परवानगीने तीच फाईल उघडू शकतो.

डिस्कवरची जागा मर्यादित असते. ती भरत आली की जे फारसं कुणी उघडत नाही ते दुसरीकडे हलवलं जातं. ही दुसरी जागा म्हणजे दुय्यम साठा. तो स्वस्त असतो, मोठा असतो, पण हळू असतो. मोठ्या संस्थांकडे ती चुंबकीय टेप असते, घरच्यांसाठी बहुधा क्लाउड, म्हणजे एखाद्या कंपनीच्या दूरच्या मशीनवर भाड्याने घेतलेली जागा.

वॉर्डात आपलं असंच होतं ना? रोज लागणारं वॉर्डातल्या कपाटात, बाकीचं मेन स्टोअरमध्ये. लागलं की इंडेंट लिहायचा, वॉर्डबॉय जायचा आणि घेऊन यायचा. केस पेपरांचंही तसंच. जुने केस पेपर रेकॉर्ड रूममध्ये जायचे. रेकॉर्ड रूममधून एखादा पेपर कुणी नेला की त्याच्या जागी एक कार्ड ठेवायची पद्धत होती. पेपर कुठे गेला, कधी गेला ते त्यावर लिहिलेलं. त्याला ट्रेसर कार्ड म्हणत.

फाईल सर्व्हरही अगदी हेच करतो. खरी फाईल खालच्या साठ्यात गेली तरी वर तिच्या नावाचं एक छोटं कार्ड राहतं. कॉम्प्युटरवाले त्याला स्टब म्हणतात. नाव तेच, तारीख तीच, कधीकधी छोटं चित्रही दिसतं. म्हणून बघणाऱ्याला वाटतं फाईल इथेच आहे. आपण ती उघडायला गेलो की सर्व्हर मनातल्या मनात इंडेंट लिहितो आणि खालून फाईल मागवतो. या मागवण्याला रिकॉल म्हणतात.

हे काही नवीन नाही

आयबीएम कंपनीने पहिलं टेपचं यंत्र १९५२ साली काढलं. पुढे १९७४ साली तिने एक मोठं कपाट जाहीर केलं. त्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखे खण होते, प्रत्येक खणात टेपची एक छोटी नळी, आणि हवी ती नळी यंत्राचा हात उचलून आणायचा. म्हणजे वॉर्डबॉयचं कामही यंत्राकडे गेलं. एका नळीत ५० एमबी मावायचं, आजच्या फोनवरचे दहा-पंधरा फोटो. आता टेपच्या एका काडतुसात १८ टीबी आणि त्याहूनही जास्त मावतं. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत आजही प्रयोगांची माहिती टेपवर ठेवतात आणि वापरायच्या आधी ती डिस्कवर आणून घेतात.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० सर्व्हरमध्येही ही सोय होती. टेपवर गेलेल्या फाईलच्या चित्रावर छोटं काळं घड्याळ दिसायचं. अर्थ एवढाच, की ही येईल, पण थांबावं लागेल. ते घड्याळ मला फार प्रामाणिक वाटतं.

अश्दोदहून आलेला निरोप

आता मुद्द्याचं सांगते.

इस्राएलमध्ये लग्नाची नोंदणी करताना आईवडिलांची केतुबा मागण्याची पद्धत आहे. माझ्या मावसबहिणीच्या नातीचं लग्न ठरलं. तिच्या आईवडिलांच्या केतुबेचं स्कॅन आमच्या सर्व्हरवर होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला ते कार्यालयात दाखवायचं होतं. अश्दोदला सकाळचे अकरा म्हणजे हिवाळ्यात चँडलरला रात्रीचे दोन. तिने तिथून सर्व्हर उघडला. फाईलचं नाव दिसलं, छोटं चित्रही दिसलं. मोठं करायला गेली तर बराच वेळ नुसतं गोल फिरत राहिलं आणि मग चूक दाखवून बंद झालं. तिला वाटलं फाईल खराब झाली.

फाईल उत्तम होती. ती क्लाउडमधल्या सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खोल वर्गात गेली होती, कारण दोन वर्षांत कुणी उघडली नव्हती. आम्ही सकाळी साडेसहाला निरोप वाचला, जावयाने लगेच मागणी घातली आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास फाईल वर आली. अश्दोदला तेव्हा पहाटेचे तीन. पोरीने उठल्यावर छापून घेतली आणि गेली. काम झालं. पण आम्ही निरोप दुपारी वाचला असता तर झालं नसतं.

आता यात घोटाळा कुठे होता? सर्व्हरचा नियम असा होता की जी फाईल बरेच दिवस उघडली नाही ती खाली पाठवायची. हिशेबाला हा नियम बरोबर वाटतो. पण नर्सला विचारा. इमर्जन्सी ट्रेमधलं ॲड्रिनलिन रोज लागतं का? कितीतरी आठवडे कुणी हात लावत नाही. म्हणून ते मेन स्टोअरला परत पाठवायचं का? मुळीच नाही. ते ट्रेमध्ये हाताशी हवं, कारण लागेल तेव्हा मिनिटांचा प्रश्न असतो.

किती वेळा लागतं हा एक प्रश्न आणि लागलं तर किती लवकर लागतं हा दुसरा. यंत्राला पहिला प्रश्न आपोआप कळतो, कारण तो तारखा बघतो. दुसरा त्याला माणसाने सांगावा लागतो. केतुबा, जन्म-मृत्यूचे दाखले, पासपोर्टच्या प्रती, मृत्युपत्र, ऑपरेशनचे कागद, औषधांच्या ॲलर्जीची नोंद हे सगळं ॲड्रिनलिनच्या जातीचं आहे.

बरं, हे वर ठेवायला जागा तरी किती लागते? एका स्कॅन केलेल्या पानाला ३ एमबी धरा. हजार पानं म्हणजे ३ जीबी. उलट जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याची एका तासाची डीव्ही टेप जशीच्या तशी उतरवली तर सुमारे १३ जीबी होते. म्हणजे सगळ्या खानदानाचे कागद मिळून एका लग्नाच्या टेपच्या पाव जागेत बसतात. जागा खातात ते व्हिडिओ. खाली पाठवायचे ते व्हिडिओ पाठवा, कागद नको. आम्ही 'तातडीचे' नावाचा एक फोल्डर केला आणि सर्व्हरला सांगितलं की यातलं काहीही, कितीही जुनं झालं तरी, खाली पाठवायचं नाही.

परत मागवण्याच्या पाच गोष्टी

खाली गेलेलं परत कसं यावं हे ठरवण्यासाठी सर्व्हरमध्ये काही जागा असतात. नावं प्रत्येक सर्व्हरवर वेगळी, पण गोष्टी त्याच.

१. किती वेळ थांबायचं. आपण फाईल उघडतो तो प्रोग्राम काही सेकंद वाट बघतो आणि कंटाळून चूक दाखवतो. टेपवरून यायला मात्र मिनिटं लागतात आणि खोल क्लाउडमधून तास. वाट बघण्याची मुदत वाढवता येते, पण तासांपर्यंत कुणी स्क्रीनसमोर बसत नाही. म्हणून चांगली व्यवस्था अशी की सर्व्हरने मागणी नोंदवून घ्यावी, "फाईल मागवली आहे, आल्यावर कळवतो" असं स्पष्ट सांगावं आणि आल्यावर ईमेल पाठवावी. नातीला चूक न दिसता हे वाक्य दिसलं असतं तर ती घाबरली नसती.

वेग आपण निवडू शकतो. उदाहरण म्हणून ॲमेझॉन कंपनीची ग्लेशियर नावाची सेवा घेते. ती २०१२ पासून आहे. तिच्या 'फ्लेक्झिबल' वर्गात तीन वेग आहेत. तातडीची मागणी बहुतेक वेळा १ ते ५ मिनिटांत, नेहमीची ३ ते ५ तासांत आणि घाऊक ५ ते १२ तासांत. त्याखाली 'डीप अर्काइव्ह' हा आणखी स्वस्त वर्ग आहे. तिथे नेहमीची मागणी १२ तासांच्या आत, घाऊक ४८ तासांच्या आत, आणि तातडीची सोयच नाही. म्हणजे फाईल कुठल्या वर्गात टाकली त्यावर ती परत यायचा वेग ठरून जातो, नंतर घाई करून उपयोग नाही. वेग वाढला की पैसेही वाढतात, हे आलंच.

२. एका वेळी किती मागण्या. टेपची दोनच यंत्रं असतील तर एका वेळी दोनच टेपा वाचल्या जातील, बाकीच्या रांगेत. आपण कॅसेटच्या जमान्यातली माणसं, आपल्याला सांगायला नको. शेवटचं गाणं, मग पहिलं, मग मधलं असं मागितलं तर कॅसेट नुसती पुढे-मागे फिरत बसते. म्हणून शहाणा सर्व्हर एकाच टेपवरच्या मागण्या गोळा करतो, टेपवरच्या क्रमाने लावतो आणि एका फेरीत सगळ्या वाचून घेतो. क्लाउडला टेप फिरवायची चिंता आपल्याला नाही, पण घरचं इंटरनेट एकच असतं. दहा व्हिडिओ एकदम मागवले तर सगळेच रखडतात. एका वेळी दोन-तीन ठेवावेत, आणि कागदांना व्हिडिओच्या पुढे नंबर द्यावा. ओपीडीत रांग कितीही असली तरी श्वास लागलेल्या पेशंटला आपण आधी आत घेतो, तसं.

३. कुणी मागवू नये. ही गंमत ऐका. फाईल माणूसच उघडतो असं नाही. व्हायरस शोधणारा प्रोग्राम प्रत्येक फाईल उघडून बघतो. शोधयादी बनवणारा प्रोग्राम आणि बॅकअप घेणारा प्रोग्राम तेच करतात. फोल्डर उघडला की छोटी चित्रं बनवणाराही तेच करतो. यांना आवरलं नाही तर एका रात्रीत ते खालचं सगळं वर मागवतात. डिस्क भरते, पैसे लागतात आणि ज्याला खरंच फाईल हवी तो रांगेत शेवटी. म्हणून या प्रोग्रामांना सांगून ठेवायचं की कार्ड दिसलं तर पुढे जा, आतलं मागवू नका. छोटी चित्रं फाईल खाली पाठवायच्या आधीच बनवून वर ठेवायची.

माणसालाही मर्यादा घालता येते. विंडोज २००० मध्ये अशी सोय होती की कुणी आधीच्या रिकॉलनंतर १० सेकंदांच्या आत पुढचा, मग आणखी पुढचा, अशा लागोपाठ मागण्या घालत सुटला तर ठरावीक आकड्याला सर्व्हर त्याला थांबवायचा. आकडा बदलता यायचा, पण सुरुवातीला तो ६० असायचा. लहान नातवंडं टॅब्लेटवर बोट फिरवत बसतात त्या घरात ही मर्यादा फार उपयोगी.

४. वर आलेली प्रत किती दिवस राहावी. बऱ्याच सेवांमध्ये परत मागवलेली फाईल ही तात्पुरती प्रत असते. किती दिवस ठेवायची ते मागतानाच सांगायचं, मुदत संपली की ती जाते. मूळ खाली सुरक्षित असतं, पण पुन्हा हवी तर पुन्हा मागणी, पुन्हा थांबणं, पुन्हा पैसे. आपल्या लोकांनी इथे जरा विचार करावा. शुक्रवारी दुपारी मागवलेली फाईल शुक्रवारी रात्री आली आणि मुदत १ दिवसाची असली, तर शब्बाथ पाळणारा माणूस शनिवारी रात्री कॉम्प्युटर उघडेपर्यंत ती गेलेली असेल. सणांचे दिवस लागून आले तर आणखीच. आम्ही मुदत १० दिवस ठेवली आहे.

५. वर जागा मोकळी आहे का. खालून येणाऱ्या फाईलला वर उतरायला जागा लागते. डिस्क काठोकाठ भरली असेल तर मागणी मंजूर होऊनही फाईल येत नाही. एक-दोन खाटा नेहमी रिकाम्या ठेवायच्या हा वॉर्डाचा नियम इथेही लागू. सर्वांत मोठ्या व्हिडिओच्या दुप्पट जागा तरी मोकळी असू द्या.

आदल्या रात्रीच मागवून ठेवणं

एक्स-रे आणि स्कॅनची चित्रं आता हॉस्पिटलात कॉम्प्युटरवर असतात. तिथेही नवी चित्रं वेगवान डिस्कवर आणि जुनी खालच्या साठ्यात, अशी व्यवस्था बऱ्याच ठिकाणी असे. पण डॉक्टरला जुना एक्स-रे नव्याच्या शेजारी लावून बघायचा असतो. तेव्हा पेशंट समोर बसवून वाट बघत राहणार का? म्हणून अपॉइंटमेंटची यादी कॉम्प्युटरला आधीच मिळते आणि उद्या येणाऱ्या पेशंटची जुनी चित्रं तो आज रात्रीच वर आणून ठेवतो. फायलिंगची माणसं हातानं करायची तेच काम. दुसऱ्या दिवशीच्या ओपीडीचे जुने केस पेपर ती आदल्या संध्याकाळी काढून ठेवायची.

घरीही हे करता येतं. कुणाचं लग्न, कुणाचा पंच्याहत्तरावा वाढदिवस, कुणाची वर्षाची प्रार्थना, या तारखा आपल्याला आधीच माहीत असतात. त्या माणसाचे फोटो आणि आवाज एक आठवडा आधी घाऊक वेगाने मागवले तर स्वस्तात येतात आणि वेळेवर येतात. वेळेचाही फायदा घ्यायचा. ॲरिझोनात घड्याळ उन्हाळ्या-हिवाळ्यात पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे मुंबई बारा महिने आमच्या साडेबारा तास पुढे. ठाण्याच्या बहिणीने तिच्या सकाळी नऊला सांगितलं की आमच्याकडे आदल्या रात्रीचे साडेआठ. झोपायच्या आधी मागणी घातली तर रात्रभर काम चालू राहतं.

खाली एकच प्रत पुरत नाही

अर्काइव्ह आणि बॅकअप यांत लोक गल्लत करतात. फाईल खाली पाठवली म्हणजे ती हलवली. वर फक्त कार्ड राहिलं, खरी वस्तू एकाच ठिकाणी आहे. क्लाउडचे पैसे भरायचे राहिले, खातं बंद झालं, तर हातात नुसती कार्डं राहतील. आणि बॅकअपच्या डिस्कवरही नुसत्या कार्डांची प्रत घेतली जात असेल तर? तेही तपासायला हवं. म्हणून प्रत्येक फाईलची खरी, पूर्ण अशी दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी हवी.

आमची दुसरी प्रत एका वेगळ्या डिस्कवर आहे. ती आम्ही घरात आतल्या खोलीत ठेवतो. इथे बरेच लोक अडगळीचं सामान गॅरेजमध्ये टाकतात, पण चँडलर-फिनिक्सच्या या वाळवंटात ते डिस्कला मानवणारं नाही. २०२३ साली फिनिक्सला लागोपाठ ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला होता. बंद गॅरेज त्याहून तापतं. कोकणात दमट हवेने कॅसेटीला बुरशी आली, इथे उन्हाने डिस्क भाजायला नको.

मागवण्याचा अधिकार कुणाला

रेकॉर्ड रूममधून पेपर कुणीही काढू शकत नसे, सही लागायची. सर्व्हरवरही मागवण्याचा अधिकार ठरलेल्या माणसांना असतो. आमच्याकडे तो फक्त जावयाला होता, म्हणून अश्दोदची मागणी त्याच्या झोपेवर अडली. आता लेकीला, मला आणि अश्दोदच्या भाचीला आहे.

आणि एक अवघड गोष्ट, पण आपल्या वयात बोलायलाच हवी. खातं ज्याच्या नावावर आहे तो माणूस गेला तर? गूगलचं व्यक्तिगत खातं २ वर्षं वापरात नसेल तर कंपनी ते आणि त्यातले फोटो काढून टाकू शकते. त्यासाठी गूगलमध्ये अशी सोय आहे की खातं अमुक महिने बंद राहिलं तर आपण नेमलेल्या माणसाला कळवून त्याला माहिती द्यावी. ॲपलच्या फोनवर आपल्या पश्चात कुणाला प्रवेश द्यायचा ते माणूस नेमता येतं. त्या माणसाला एक किल्ली-क्रमांक मिळतो, आणि पुढे तो क्रमांक व मृत्यूचा दाखला दाखवला की प्रवेश मिळतो. ही नेमणूक आपण हयात असतानाच करायची असते. नातवंडाला शेजारी बसवा, दहा मिनिटांचं काम आहे.

तुमच्या फोनवरही हेच चाललंय

सर्व्हर नसला तरी हा विषय तुमचाच आहे. आयफोनमध्ये जागा वाचवायची सोय चालू असेल तर फोनवर फोटोची छोटी प्रत असते आणि पूर्ण फोटो आयक्लाउडमध्ये. उघडला की खालून येतो, इंटरनेट नसेल तर धूसरच दिसतो. विंडोजच्या कॉम्प्युटरवर वनड्राइव्ह असेल तर फाईलशेजारी ढगाचं चित्र म्हणजे फाईल इथे नाही, ढगात आहे. हिरवी खूण म्हणजे इथे आहे. हवी ती फाईल कायम जवळ ठेवायची असेल तर तिच्यावर उजवं बटण दाबून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडायचं. तुमच्या औषधांची यादी आणि पासपोर्टची प्रत निदान अशी ठेवा. विमानतळावर आणि कॅज्युअल्टीत इंटरनेट असेलच असं नाही.

मुला-नातवंडांना हे विचारा

– माझे तातडीचे कागद वर आहेत की खाली?
– खालचं यायला मिनिटं लागतात, तास की दोन दिवस?
– तू झोपला असशील किंवा प्रवासात असशील तर दुसरं कोण मागवू शकतं?
– आलेली प्रत किती दिवस राहते?
– खरी दुसरी प्रत कुठे आहे?
– शेवटचं मागवून कधी बघितलं?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. इमर्जन्सी ट्रे आम्ही प्रत्येक ड्यूटीला चार्ज घेताना तपासून सही करत होतो. काल बरोबर होता म्हणून आज बरोबर असेल असं धरायचं नाही. तसं दर तीन महिन्यांनी एक कागद, एक फोटो आणि एक आवाजाची फाईल मुद्दाम खालून मागवून बघा. किती वेळ लागला ते वहीत लिहा. फाईल उघडते का, शेवटपर्यंत वाजते का ते बघा. वेळ वाढलेला दिसला तर सेटिंग बदलायला तेव्हा सवड असते, लग्नाच्या आदल्या दिवशी नसते.

आमच्या वहीत आजपर्यंत तीन नोंदी आहेत. 'तातडीचे' मधली केतुबा ४ सेकंदांत उघडते. पपांच्या आवाजातली कॅसेट यायला चार तास लागतात, आणि तेवढं थांबायला माझी काही हरकत नाही.